ऑफिसमधलं सगळं लिखाण चॅटसारखं होत चाललंय, काय करावं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी एक सपोर्ट टीम बघतो. पोरं-पोरी कामाला चोख आहेत, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार लिखाणाची आहे. चॅटवर लिहायची जी सवय लागलीय ती आता मेलमध्ये, टिकेटमध्ये (म्हणजे तक्रारीच्या नोंदीत), रिपोर्टमध्ये, सगळीकडे उतरायला लागलीय. परवा एकाने क्लायंटला मेल टाकला, विषयाची जागा कोरी आणि आत एवढंच, "हाय, ते कालचं झालं का? प्लीज चेक." आता त्या क्लायंटकडे आमची तीन कामं अडकलेली, त्याला कसं कळणार कालचं म्हणजे कुठलं? त्याने बिचाऱ्याने तिन्हींचं थोडं थोडं उत्तर दिलं आणि आम्हाला जे हवं होतं तेच नेमकं अर्धवट. दुसरा नमुना म्हणजे सर्व्हर बंद पडला होता त्याचा रिपोर्ट: "सर्व्हर हँग होता, रिस्टार्ट केला, आता ओके". कुठला सर्व्हर, किती वाजता, कुणाच्या लक्षात आलं, रिस्टार्टच का केला, काही पत्ता नाही. पुन्हा तोच झोपला की हे वाचून कुणाला काय उमगणार.

आणि चॅटवर तर काय, "हाय". मग शांतता. मी "बोल" म्हणायचं. मग "बिझी आहात का". मग "एक विचारायचं होतं". अरे विचार ना बाबा!

एकाला जरा समजवायला गेलो तर म्हणतो, "पण तुम्हाला समजलं ना?" आणि खरंच समजलं होतं हो मला, कारण सर्व्हर पडला तेव्हा मी तिथेच होतो. पुढे काय बोलावं सुचेना.

तर प्रश्न असा की हे खरंच चॅटमुळे होतंय की प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचं लिखाण असंच वाटतं? आणि नियम करून काही फरक पडतो का? कुणी केलं असेल तर सांगा. मेलचे साचे बनवून द्यायचा विचार आहे पण त्याने सगळेच मेल सरकारी वाटायला लागतील अशी भीती.

---

जुना_टायपिस्ट

आधी एक गोष्ट बाजूला काढतो, शॉर्टफॉर्म आणि स्पेलिंग हा मुद्दाच नाही. लोक उगाच त्यावर तुटून पडतात.

पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये, एका इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून फोनवर पाठवला, "मेरी ख्रिसमस". तेव्हापासून मर्यादा १६० अक्षरांची, कारण एका मेसेजला जागा १४० बाइट आणि रोमन अक्षर ७ बिटमध्ये बसवलेलं. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागायचे म्हणजे त्याच जागेत फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जायचं, "त्वरित" लिहिलं की सहा गेले. मेसेज लांबला की दोन तुकडे, पैसेही दोनाचे. मग लोकांनी रोमनमध्ये मराठी लिहायला सुरुवात केली, स्वर गाळले, त्याला आळशीपणा कसा म्हणणार, ती काटकसर होती. आणि ते लोक मेल लिहिताना व्यवस्थित लिहायचे, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे दिसत होतं.

आता ती मर्यादा राहिलीच नाही, हवं तेवढं लिहा. तरी लिखाण तुटक का? माझ्या मते याचं कारण एंटरचं बटण. हसू नका. मेल लिहिताना एंटर दाबला की नवी ओळ येते, तुम्ही अजून आतच असता, वर जाऊन पहिलं वाक्य बदलू शकता. चॅटमध्ये एंटर दाबला की गेलं. म्हणजे विचार पूर्ण व्हायच्या आधीच त्याचा पहिला तुकडा समोरच्याकडे पोचलेला असतो आणि मग पुढचे तुकडे त्याला जोडत बसायचं. परिच्छेद नावाचा प्रकारच यात मरतो. परत वाचून बघायची जी एक पायरी होती ती आपोआप गेली आणि ज्यांनी लिहायला सुरुवातच चॅटवर केली त्यांना ती पायरी कधी होती हेच माहीत नाही.

बाकी जुने मेल फार भारी होते असं मानू नका. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनम्रपणे कळविण्यात येते की" असं करत करत चौथ्या ओळीत कळायचं की मीटिंग रद्द झालीय. ते गेलं ते बरंच झालं.

---

नवी_जॉइनी

दादा, दुसऱ्या बाजूनेही थोडं ऐका, मी त्या "हाय" वाल्यांपैकीच आहे 😄

"हाय" लिहून थांबतो कारण थेट कामाचं विचारलं तर उद्धट वाटेल अशी धास्ती असते. सिनिअर माणूस आहे, आधी विचारावं वेळ आहे का, मग बोलावं, समोर केबिनमध्ये गेलो असतो तर दारातून तसंच विचारलं असतं ना. तुम्हाला त्याचा त्रास होतो हे आत्ता तुमच्या धाग्यावरून कळलं, आमच्या ऑफिसात कुणी कधी तोंडाने सांगितलंच नाही.

तुकड्या-तुकड्यांचं म्हणाल तर त्याचं अजून एक कारण आहे. मी मोठा नीट मेसेज लिहायला घेतला की समोरच्याला "टायपिंग" दिसत राहतं, तो वाट बघतोय हे मला माहीत असतं, मग घाईने जे सुचलंय ते पाठवते म्हणजे त्याला कळेल की काहीतरी येतंय. आणि वाचल्याची खूण निळी झाली की लगेच उत्तर द्यायलाच हवं असं वाटतं, नाहीतर मुद्दाम दुर्लक्ष केलं असा अर्थ निघतो. अशा घाईत कुठून येणार पूर्ण वाक्य.

आणि सिनिअर मंडळी काय करतात तेही सांगते. तीन मिनिटांची व्हॉइस नोट, त्यातली पहिली दीड मिनिटं "हां तर काय आहे ना". लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलने तिरका काढलेला फोटो. नुसतं "कॉल". नुसतं "?". नाहीतर एखादा भलामोठा मेल थ्रेड फॉरवर्ड करून वर "प्लीज सी बिलो", आता त्या खालच्या चौदा मेलमधलं मी काय सी करू. शिकायचं कुणाकडून मग? मला आजवर एकाही बॉसने चांगला लिहिलेला रिपोर्ट दाखवून "हा बघ, असा लिही" म्हटलेलं नाही. वाईट लिहिलं की ओरडा मात्र मिळतो.

---

शिफ्ट_बी

मी प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे त्यामुळे माझं उदाहरण जरा वेगळं, पण मूळ तेच आहे.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना लॉगबुक असतं. कुठलं मशिन, त्याचा टॅग नंबर, किती वाजता काय दिसलं, काय केलं, काय राहिलं, खाली सही. मग व्हॉट्सॅप ग्रुप आला आणि सगळे खूश, कारण फोटो टाकता येतो. हळूहळू लॉगबुकमध्ये "ग्रुपवर टाकलंय" एवढंच यायला लागलं. ग्रुपवर जाऊन बघावं तर "बेअरिंग गरम होतंय, लक्ष ठेवा". कुठल्या पंपाचं? फोटोत सगळे पंप सारखेच दिसतात. वर-खाली शोधावं तर मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पंचवीस केक.

हे हसण्यावारी नेऊ नका, आमच्या धंद्यात असल्या गोष्टींनी माणसं जातात. पायपर अल्फा नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म होता उत्तर समुद्रात, ६ जुलै १९८८. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवलेली, पंप चालू करायचा नाही असं परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, लिहिलेलं होतं. पण शिफ्ट बदलताना ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत परमिट आणि शिफ्ट हँडओव्हरचे वाभाडे निघाले.

आता लक्षात घ्या, १९८८ ला व्हॉट्सॅप कुठे होतं, तिथे कागदच होता आणि कागदावर लिहिलेलंही होतं. म्हणून मी म्हणतो नुसत्या चॅटला शिव्या घालून उपयोग नाही. ज्याला ते वाचायची गरज पडणार त्याच्या हातात, त्या वेळेला, त्याला कळेल अशा शब्दांत ते पडलं का, एवढंच बघायचं. अर्धविराम, तुमच्या त्या पोराला उत्तर हेच आहे. "तुम्हाला समजलं ना" नाही, "जो तिथे नव्हता त्याला समजेल का". तुम्ही तिथे होतात म्हणून तुम्हाला समजलं. चॅट चालतं ते दोघेही एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघत असतात म्हणून. रिपोर्ट वाचणारा सहा महिन्यांनी येतो, त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच नसतं.

---

मी_मध्येच

शिफ्ट_बी +१००. आणि आता तर पुढची पायरी आलीय, पोरं तीच अर्धी ओळ एआयला देतात, ते चार परिच्छेदांचा गुळगुळीत मेल करून देतं, वाचणारा तो परत एआयला देऊन एका ओळीत सारांश काढतो. मधल्या चार परिच्छेदांत माहिती शून्य. कुठला सर्व्हर ते तरीही कुणालाच माहीत नाही 😂

---

पूर्णविराम

आयडीवरून कळलंच असेल मी कशावर बोलणार.

टोनबद्दल कुणीच काही म्हटलं नाही म्हणून लिहिते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला होता, १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले, त्यात एका शब्दाचं उत्तर होतं, कुठे त्यापुढे पूर्णविराम, कुठे नाही. टेक्स्ट मेसेज म्हणून दाखवलं तेव्हा पूर्णविरामवालं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तर काही फरक नाही. म्हणजे विरामचिन्ह तेच पण जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो. आता ऑफिसात बघा, पन्नाशीच्या साहेबांनी सवयीने "ओके." लिहिलं की ज्युनिअर दिवसभर विचार करत बसतो की माझं काय चुकलं, आणि ज्युनिअरने नुसतं "के" पाठवलं की साहेबांना वाटतं काय उद्दाम पोरगा आहे. दोघांच्याही मनात काही नसतं.

त्याहून जुना एक अभ्यास आहे, २००५ चा, जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली वगैरे मंडळींचा. लोकांना काही वाक्यं उपरोधाने किंवा गंभीरपणे मेलवर पाठवायला सांगितली आणि विचारलं, समोरच्याला तुमचा सूर कळेल का? पाठवणाऱ्यांना वाटलं साधारण ७८ टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. आपण लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज चालू असतो ना, तो समोर जात नाही, पण आपल्याला वाटतं गेला. तेव्हा इमोजीला नावं ठेवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, तो आवाजच भरून काढायचा प्रयत्न आहे तो. मी तर म्हणेन ऑफिसच्या चॅटवर स्मायली चालूच द्या, फक्त नकार द्यायचा असेल, कुणाचं काम परत पाठवायचं असेल तर चॅट नको आणि स्मायली तर नकोच नको. सरळ फोन करा, नाहीतर समोर जा. "हे परत करावं लागेल 🙂" असला मेसेज मला आलाय, त्या हसऱ्या तोंडाचा जो राग आला तो कामाचा नव्हता आला.

आणि नवी_जॉइनी म्हणते ते "टायपिंग" चं अगदी खरंय गं. त्यावर साधा उपाय म्हणजे मोठा मेसेज दुसरीकडे नोट्समध्ये लिहायचा आणि इकडे चिकटवायचा. मी तेच करते.

---

ऑडिटवाली_ताई

मी कंप्लायन्समध्ये आहे, म्हणजे कंपनी नियम पाळतेय का ते बघते, त्यामुळे माझं दुखणं तिसरंच. लोकांना वाटतं चॅट म्हणजे बोलणं, हवेत विरून जाणारं. ते लिहिलेलं असतं हो! सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) वॉल स्ट्रीटच्या १६ कंपन्यांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड लावला, कशासाठी, तर कर्मचारी खासगी मेसेजिंगवर धंद्याचं बोलत होते आणि कंपन्यांनी त्याची नोंदच ठेवली नव्हती. घोटाळा केला म्हणून नव्हे, नोंद नाही म्हणून.

दुसरं उदाहरण उलटं. कॅनडात सॅस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो मेसेज केला, "कृपया कन्फर्म करा" अशा अर्थाचं लिहून. शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला 👍. पुढे माल दिला नाही. त्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. २०२३ मध्ये कोर्टाने म्हटलं नाही, अंगठा म्हणजे होकार, आणि जवळपास ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. त्यात एक गंमत आहे, त्या दोघांचे आधीचे सौदेही असेच "ओके", "यप" करून झालेले होते आणि ते पाळलेही गेले होते, कोर्टाने तेही धरलं. म्हणजे आपण चॅटवर जशी सवय पाडतो तसा त्याचा अर्थ लागतो.

आमच्याकडे म्हणून एकच रीत ठेवलीय, चर्चा चॅटवर करा कितीही, पण काही ठरलं की ठरवणाऱ्यानेच त्याच दिवशी दोन ओळी मेलवर किंवा टिकेटमध्ये टाकायच्या. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. चॅटचा स्क्रीनशॉट चिकटवलेला चालत नाही, कारण तो शोधता येत नाही आणि त्यात वरचं-खालचं कापलेलं असतं. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग "मी असं म्हटलंच नव्हतं" वाली भांडणं कमी झाली तेव्हा गप्प बसले.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

शिफ्ट_बी, तुमचं ते "जो तिथे नव्हता" हे मी उद्याच वापरणार आहे. साच्यांचा विचार सोडला. त्याऐवजी असं करतो, सर्व्हरचे जुने रिपोर्ट ज्याने लिहिले त्याला न देता दुसऱ्याच कुणाला तरी वाचायला द्यायचे आणि विचारायचं की आत्ता हा सर्व्हर पडला तर यावरून तू काय करशील? मी काही बोलायची गरजच पडणार नाही, "कुठला सर्व्हर पण?" हे तोच विचारेल.

नवी_जॉइनी, तुझं म्हणणं मान्य, दाखवलं कुणीच नसतं. आमच्याकडे एक मुलगी रिपोर्ट फार सुरेख लिहिते, पहिल्याच ओळीत काय झालं आणि आता काय हवंय ते सांगून टाकते, मग बाकीचं. तिचे दोन-तीन सगळ्यांना वाचायला देतो. पण "हाय" बद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, अदब हवी तर "हाय सर, अमुक फाईल उघडत नाहीये, सवडीने बघाल का" असं एकाच मेसेजमध्ये येऊ दे की, त्यात उद्धट काय आहे.

जुना_टायपिस्ट, एंटरचं पटलं. काही चॅट ॲपमध्ये सेटिंग असतं, एंटरने नवी ओळ आणि पाठवायला कंट्रोल-एंटर. करून बघतो, निदान माझ्यापुरतं.

एक शंका राहिलीच. क्लायंट स्वतःच चॅटवर सगळं ठरवत असेल तर? आमचा एक क्लायंट मेलला उत्तरच देत नाही, सगळं रात्री उशिरा मेसेजवर, तेही "करून टाका" एवढंच.

---

जुना_टायपिस्ट

तो "करून टाका" वाला सगळ्यांकडे एक असतोच. त्याला मेलची शिस्त लावायच्या भानगडीत पडू नका, हरणार तुम्हीच.

---

ऑडिटवाली_ताई

त्याला लिहायला लावूच नका, तुम्ही लिहा. सकाळी मेल टाकायचा, "काल रात्रीच्या मेसेजनुसार अमुक बदल आम्ही आज करतोय, त्याचा परिणाम तमुक, खर्च वाढणार असेल तर तो एवढा. काही वेगळं असेल तर काम सुरू व्हायच्या आधी, दुपारपर्यंत कळवा." उत्तर नाही आलं तरी तुमच्याकडे तारखेसकट नोंद राहते. पण नुसत्या न आलेल्या उत्तराला होकार धरून पैशांचं काही करू नका, त्यासाठी त्याच चॅटवर मेलमधलं ते वाक्य जसंच्या तसं पाठवून "हो" मागा, तेवढं तो देतो. आणि करारात नोटीस आणि बदल कुठल्या मार्गाने कळवायचे याचं एक कलम असतं, ते काढून वाचा, बऱ्याचदा त्यात मेसेजिंगचा उल्लेखच नसतो. नूतनीकरणाच्या वेळी ते घालून घ्या.

---

नवी_जॉइनी

ताई हा मेलचा नमुना कॉपी केला बरं का 🙏